आधी खून, मग कथा: पुण्यात घडणारी रहस्यकथा कशी रचायची

लहानपणी रहस्यकथांची पारायणं करणाऱ्या पोरांना मोठेपणी गुप्तहेर व्हायचं असतं. खुनी व्हायचं स्वप्न सहसा कुणी पाहत नाही. लिहायला बसल्यावर मात्र आधी खुन्याचंच काम करावं लागतं: कुणाला मारायचं, का, किती वाजता, हत्यार कुठे टाकायचं, चौकशीत काय सांगायचं. हे सगळं पक्कं झालं की मगच गुप्तहेराला वाड्याच्या दारात उभं करायचं. जे आधी गुप्तहेर रंगवत बसतात, त्याची टोपी, त्याचा अमृततुल्य चहा, त्याचा खवचटपणा, त्यांची कथा पहिली तीन पानं झकास पळते आणि मग रुतते, कारण शोधायला काही ठेवलेलंच नसतं.

पुढचे सगळे आकडे साडेचार हजार शब्दांच्या कथेसाठी आहेत. दिवाळी अंकाला एवढी लांबी पेलते.

दोन वह्या

पहिल्या वहीत खरं काय घडलं तेवढंच. एका पानावर तक्ता आखा. उभ्या बाजूला वेळ, पंधरा-पंधरा मिनिटांनी: मृत्यूआधीचे तीन तास आणि नंतरचा एक, म्हणजे १६ ओळी. आडव्या बाजूला पाच माणसं: मयत आणि चार संशयित. ८० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत तो माणूस त्या वेळी कुठे होता ते लिहायचं. (मयताच्या शेवटच्या चार चौकटी सोप्या.) काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. रिकामी राहिलेली चौकट वाचकाला बरोबर सापडते आणि मग पत्र येतं: "पावणेसातला सून कुठे होती?"

संशयित चारच का? तिघांतला एक वगळला गेला की वाचकाला फक्त छापा-काटा करायचा उरतो. सहा घेतले तर दोघांना करायला काही नसतं आणि त्यांची नावं लक्षात राहत नाहीत. सुधीर, सुनील, सुहास अशी एका अक्षराची भावंडं कथेत ठेवू नका. आपल्याकडे एकाच माणसाची कागदावर एक, घरात दुसरी आणि गल्लीत तिसरी हाक असते. तात्या म्हणजेच पाटीवरचे दत्तात्रय, हे पहिल्याच उल्लेखात जोडून टाका, नाहीतर वाचकाला पाचवा संशयित दिसू लागतो.

दुसऱ्या वहीत प्रत्येक जण काय सांगतो ते. चौघांपैकी तिघं तरी खोटं बोलले पाहिजेत. खुन्याचं खोटं खुनासाठी, बाकीच्यांचं दुसऱ्याच कशासाठी: भाडेकरूने एक खोली परस्पर पोटभाड्याने दिली आहे, सून गपचूप नोकरीच्या मुलाखतीला जाऊन आली आहे. एकटा खुनीच खोटं बोलत असेल तर पहिलं खोटं उघडं पडलं तिथेच कथा संपते.

एक पूल, तीन धागे

धागा, म्हणजे उलगड्याकडे नेणारी खूण, कसा पेरायचा ते एका उदाहरणावर पाहू. नारायण पेठेत जुना वाडा. मालक तात्या सत्तरी ओलांडलेले, वाडा बिल्डरला द्यायला तयार नाहीत. पुतण्या नदीपलीकडे, कर्वे रस्त्याला राहतो. जुलैतल्या एका संध्याकाळी सव्वासातला तात्यांचा खून होतो. पुतण्या सांगतो, "साडेसातला घरून निघालो, भिडे पुलावरून आलो, पावणेआठला पोचलो तर दार उघडं." खरं म्हणजे तो दुपारपासून वाड्याच्या पोटमाळ्यावर दबा धरून बसलेला होता. आणि भिडे पूल सहा वाजल्यापासून वाहतुकीला बंद होता, कारण खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं होतं.

पावसाळ्यात नदीवरचा हा बुटका पूल पाण्याखाली जातो हे पुण्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मग वाचक लगेच ओळखणार नाही का? त्यासाठी त्या दिवशी पुण्यात ऊन ठेवा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही धरणं भरतात ती घाटमाथ्याकडच्या पावसाने. शहर कोरडं असतानाही विसर्ग वाढू शकतो आणि पूल बंद होऊ शकतो. वाचक आकाशाकडे बघतो, नदीकडे नाही. खुन्याचंही तेच झालं: पोटमाळ्यावर त्याला कौलांच्या फटीतून ऊन दिसलं आणि त्याने रोजची वाट सांगून टाकली. सवयीतून आलेलं खोटं सगळ्यांत चांगलं, कारण ते बोलताना माणूस विचार करत नाही आणि ऐकणाराही करत नाही.

आता हा उलगडा प्रामाणिक ठरायचा तर वाचकाला तीन गोष्टी आधी दिसलेल्या हव्यात.

ऊन, साधारण सहाशेव्या शब्दाच्या आसपास: आठ दिवसांनी उघडीप मिळाली म्हणून सगळ्या गॅलऱ्यांत गाद्या वाळत आहेत. ते वर्णन म्हणून वाचलं जातं.

घाटातला पाऊस, बाराशेच्या आसपास: भाडेकरूचा मुलगा रुसला आहे, कारण पानशेतची सहल शाळेने रद्द केली. हे वाचकाला मुलाचा स्वभाव म्हणून पोचतं.

नदीचं पाणी, एकोणीसशेच्या आसपास. हा तिघांत धोकादायक, म्हणून तो तक्रारीत लपवायचा. कोपऱ्यावरचा टेंपोवाला करवादतो: पेट्रोल महाग, पोरगं अभ्यास करत नाही, नदीपात्रात लावलेला टेंपो भोंगा लावून हलवायला लावला, आणि वर मामाने पावती फाडली. चार तक्रारींतली तिसरी कुणी लक्षात ठेवत नाही. पहिली आणि शेवटची ठेवतात. आणि या परिच्छेदानंतर लगेच आवाज चढवा: मृत्युपत्रावरून भांडण, कपाट फोडल्याचा शोध, काहीही. डोळा पुढे पळाला की मागचा धागा जागेवर राहतो.

इथे हमखास तीन चुका होतात. पहिली: वाचकाला कळलं नसेल या धास्तीने लेखक चौथ्यांदा इशारा करतो, बहुधा गुप्तहेराच्या भुवया उंचावून. त्या भुवयांनी आजवर जेवढे खुनी पकडून दिले तेवढे पोलिसांनीही दिले नसतील. दुसरी: धरणातून किती पाणी सोडलं त्याचे क्युसेकमधले आकडे लिहिले जातात. आकडा आला की माहीतगार वाचक हिशेब करतो आणि बाकीचे सावध होतात. "पाणी सोडलंय" पुरे. धरणातून सोडलेलं पाणी शहरापर्यंत यायलाही वेळ लागतो, तेव्हा विसर्ग आणि पूल बंद होणं एकाच मिनिटाला दाखवू नका.

तिसरी चूक जास्त महागात पडते: खोट्याला पळवाट ठेवणं. पकडल्यावर पुतण्या म्हणेल, "चुकून भिडे पूल म्हणालो, झेड ब्रिजवरून आलो." आता काय? म्हणून उलगड्याच्या आधी खोट्याला खिळे ठोकून घ्यायचे. गुप्तहेर अगदी गप्पांच्या ओघात विचारतो: पुलावर गर्दी होती का? कुणी ओळखीचं दिसलं? गाडी कुठली होती? पुतण्या खोटं सजवतो: कठड्यापाशी पोरं उभी होती, चारचाकी होती, समोरून एक स्कूटरवाला आडवा आला. झालं. झेड ब्रिज फक्त दुचाकींचा, आणि कठड्यापाशी उभी असलेली पोरं पाण्याखाली. माघारीच्या दोन्ही वाटा त्यानेच बंद केल्या. खोट्याला किमान तीन तपशील चिकटल्याशिवाय ते फोडू नका.

मराठीत खुनी लपवणं

इंग्रजी रहस्यकथा वाचून लिहायला लागणारे इथे ठेचकाळतात. मराठीत क्रियापदच चुगली करतं. "जिन्यावरून कोणीतरी उतरला" लिहिलं की निम्मे संशयित सुटले. त्यावर भाषेतच उपाय आहेत.

सकर्मक क्रियापद भूतकाळात वापरा, म्हणजे ते कर्माप्रमाणे चालतं: "कुणीतरी कडी काढली", "कुणीतरी दिवा मालवला". कडी स्त्रीलिंगी, दिवा पुल्लिंगी, माणूस गुलदस्त्यात. किंवा कर्त्याच्या जागी वस्तू आणा: "सावली जिन्यावरून उतरली", "पावलं ओसरीपाशी थांबली". निनावी पत्रातही तेच. "मी पाहिलं", "मला कळलं", "माझ्या हाती कागद लागले" चालेल, "मी येतो" किंवा "मी येते" लिहिलं की संपलं. ही युक्ती सलग तीन वाक्यांपेक्षा जास्त ताणू नका. अख्खं पान सावल्या आणि पावलं चालत राहिली की वाचक म्हणतो, लेखक लपवतोय, म्हणजे बाईच असणार. आणि तो बरोबर असतो.

निवेदकाने मात्र खोटं बोलायचं नाही. बाईसाठी "तो उतरला" असं निवेदनात लिहिणं ही फसवणूक. पात्राने तसा समज करून घेणं हा खेळ.

उलट बाजूने हीच चुगली धागा म्हणून वापरता येते. कोल्हापूरकडच्या बायका "मी येतो", "मी गेलो" असं सहज बोलतात. निनावी चिठ्ठीत "मी त्या रात्री आलो होतो" असं असेल तर सदाशिव पेठेतली सगळी मंडळी पुरुष शोधत बसतील. माहेर कोल्हापूरचं असलेली सून तिसऱ्या पानावर एकदाच "मी जाऊन येतो हं" म्हणून गेलेली असेल, तर वाचकाला तक्रार करायला जागा नाही. फक्त ते वाक्य तिला घाईत, दुसऱ्या कामाच्या मध्ये बोलू द्या. आणि बाकी संवादांत तिने पुण्याच्या वळणाचं बोलणं कमावलेलं आहे हेही दिसू द्या.

"आपण" आणि "आम्ही" यांतला फरक तर रहस्यकथेसाठीच जन्मला आहे. शेजारी सुनेला म्हणतो, "आपण दार लावलं तेव्हा तात्या जागे होते." "आम्ही" म्हणाला असता तर ती त्यात नव्हती. "आपण" म्हणाला, म्हणजे ती तिथे होती. ती तर सांगते आहे की माहेरी होते. एक शब्द, आणि कुणाचं लक्ष जात नाही. तसंच अहो-जाहो. चारचौघांत "अहो वहिनी" म्हणणारा भाडेकरू घाबरल्यावर "अगं, थांब" म्हणाला, की दोघांची ओळख किती जुनी ते कळलं. असे निसटते शब्द कथेत एकदाच. दोनदा आले तर ते धागे राहत नाहीत, मुद्रणदोष वाटतात.

पोलिस, पंचनामा आणि कबुली

मराठी रहस्यकथेचा ठरलेला शेवट म्हणजे सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचं, गुप्तहेराने बोट दाखवायचं आणि खुन्याने इन्स्पेक्टरसमोर धाय मोकलून कबुली द्यायची. नाट्य म्हणून ठीक. कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. आधी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. ताब्यातल्या आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग मात्र चालतो. म्हणून शेवटाला एक वस्तू हवीच: हौदात टाकलेली किल्ली, बळदात लपवलेला रक्ताळलेला सदरा. पंचांसमोर ती निघाली की कथा दिवाणखान्यातून कोर्टापर्यंत टिकते.

क्रम साधारण असा. मृत्यू संशयास्पद आहे, पण खून म्हणता येत नाही, तोवर अकस्मात मृत्यूची नोंद. प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा, जागेचा स्थळ पंचनामा. शवविच्छेदन, पेठांमधली कथा असेल तर बहुधा ससून रुग्णालयात. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी येत नाही, कित्येक आठवडे जातात. तुमच्या कथेला तो उशीर सोयीचा आहे, वापरून घ्या. अटक झाली की २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. खासगी गुप्तहेराला झडती घेण्याचा किंवा कुणाला डांबून ठेवण्याचा अधिकार नाही. त्याचं बळ म्हणजे लोक त्याच्याशी बोलतात एवढंच.

मृत्यूची वेळ डॉक्टर घड्याळ लावून सांगत नाही. अंग ताठरायला साधारण दोन-तीन तासांनी सुरुवात होते, पूर्ण ताठरायला बारा तासांच्या आसपास लागतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात हे सगळं लवकर येतं आणि लवकर ओसरतं. "सहा ते नऊच्या दरम्यान" असं डॉक्टरने म्हणावं. सव्वासात ही वेळ गुप्तहेराने दुसऱ्या कशावरून काढावी. विष वापरायचं तर लक्षणं अचूक लिहा, मात्रा आणि कृती लिहूच नका. कथेला त्याची गरज नसते.

साल आधी ठरवा

कथा आजची असेल तर चौकाचौकात कॅमेरे आहेत, मोबाइलचं टॉवर लोकेशन आहे, चहाचे पैसे दिल्याचीही मिनिटासकट नोंद आहे. हे सगळं "त्या दिवशी नेमकं बंद होतं" असं लिहू नका. एक यंत्र बंद असू शकतं, चार नाही. त्यापेक्षा यंत्रांना खरं बोलू द्या आणि माणसांना त्याचा चुकीचा अर्थ लावू द्या: फोन घरी होता, माणूस नव्हता. नाहीतर सरळ मागे जा. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या कथेत एसटीडी बूथ, पेठेत एकाच घरात असलेला फोन आणि निरोप घेऊन पळणारी पोरं मिळतात. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर हा तर स्वतंत्र खजिना आहे: कागद वाहून गेले, ओळखी पुसल्या गेल्या. पण त्या तारखेवर खून बसवायचा असेल तर त्या दिवसाचा घटनाक्रम जुन्या वर्तमानपत्रांतून वाचल्याशिवाय हात लावू नका. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची मुलंनातवंडं वाचक आहेत.

काही तारखा तपासून घ्याच. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय २०१८ मध्ये झालं. त्यानंतरच्या कथेत निगडीच्या खुनाचा तपास पुण्याच्या आयुक्तांकडे देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तेव्हा त्यापुढच्या खुनाला जुन्या ३०२ ऐवजी कलम १०३ लागतं. गल्लीतला माणूस मात्र अजूनही "तीनशे दोन लागणार" असंच म्हणेल, आणि त्याला म्हणू द्या. मेट्रो मार्च २०२२ च्या आधी धावत नव्हती. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी आहेत. पात्राने उलटी गाडी हाकली की पुणेकर खून विसरून तेवढंच बोलत बसतो. आणि दुपारी एक ते चारचा विनोद आता शिळा झाला आहे. पण त्या वेळेत गल्लीत साक्षीदार नसतो, एवढा उपयोग अजून आहे.

गणेश विसर्जनाची मिरवणूक सगळ्यांनाच सुचते. ढोल-ताशांत किंकाळी बुडते, रस्ते बंद असतात, मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते. अडचण अशी की त्या गर्दीत कुणीही कुठेही असू शकतो, त्यामुळे अॅलिबाय, म्हणजे खुनाच्या वेळी दुसरीकडे असल्याचा दावा, तुटतही नाही आणि सिद्धही होत नाही. मिरवणूक पाहिजेच असेल तर खून गर्दीत करू नका. बंद रस्त्यांमुळे रिकाम्या पडलेल्या मागच्या बोळात करा.

भुयार नको. इंग्लंडमधल्या रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यात गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको असं आहे. पुण्यात ती एकही नको, इतकी भुयारं शनिवारवाड्याखालून आजवर खणून झाली आहेत. बंद खोलीचं कोडं घालायचं तर वाड्याचं खरं दार वापरा: मोठ्या दरवाज्यात दिंडी, आतून अडसर, खोलीला कडी, बाहेर कोयंडा. यातलं काय आतून लागतं आणि काय बाहेरून, याचं चित्र वहीत काढून ठेवा. अडसर बाहेरून लावला गेल्याचं लिहून बसणारे लेखक आहेत.

रोजचं काम

पहिला आठवडा फक्त तक्ता. दुसऱ्या आठवड्यात पायपीट: खुन्याची वाट घड्याळ लावून, त्याच वारी आणि त्याच वेळी चालायची. कर्वे रस्ता ते नारायण पेठ रविवारी सकाळी आणि गुरुवारी संध्याकाळी ही दोन वेगळी अंतरं आहेत. नकाशावरची मिनिटं लिहू नका. नंतरचे तीन आठवडे लेखन, रोज चारशे शब्द, आठवड्यातून चार दिवस. शेवट आधी लिहा: उलगड्याचे सातशे शब्द पहिल्याच दिवशी. मग पुन्हा सुरुवातीला जाऊन त्या सातशे शब्दांत आलेली प्रत्येक गोष्ट पेरत या. मृत्यू पाचशे शब्दांच्या आत, चारही संशयित नऊशेच्या आत, शेवटचा धागा सत्तावीसशेच्या आत. त्यापुढे नवं काही आणायचं नाही.

अडलं तर आवडती रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचा, हातात पेन्सिल घेऊन, खुनी कोण हे माहीत असताना. प्रत्येक धाग्याला समासात खूण करा आणि त्याच्या लगेच नंतर लेखकाने काय ठेवलं ते पाहा. एका वाचनात जेवढं कळतं तेवढं दहा कार्यशाळांत कळत नाही.

कच्चा खर्डा तीन जणांना द्या. त्यातला एक तरी पेठेत वाढलेला असावा. दीड हजार शब्दांनंतर, तीन हजारांनंतर आणि उलगड्याच्या ऐन आधी त्यांना थांबवून संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. तिघांनीही दीड हजारालाच ओळखलं तर एक धागा खूप उजेडात आहे. शेवटपर्यंत कुणीच ओळखलं नाही आणि तिघंही चिडले, तर धागा पेरलेलाच नाही. शेवटच्या चिठ्ठीत एकाने बरोबर ओळखावं आणि दोघांनी कपाळावर हात मारावा, हे प्रमाण उत्तम.

दिवाळी अंकासाठी कथा जूनपर्यंत पोचलेली बरी. युनिकोडमधून छपाईच्या फाँटमध्ये जाताना जोडाक्षरं, रफार आणि आकडे बिघडतात. बाकी कथेत ते खपतं, इथे "आपण"चं "आम्ही" झालं किंवा सव्वासातचे सव्वाआठ झाले की खून हवेत. म्हणून वेळा अक्षरांत लिहा आणि ज्या वाक्यांत धागे आहेत त्यांची वेगळी यादी जोडून मुद्रितशोधकाला द्या. सोबतच्या पत्रात चित्रकारासाठीही दोन ओळी हव्यात: कोणता प्रसंग काढायचा नाही ते स्पष्ट सांगा. नाहीतर पहिल्याच पानावर, शीर्षकाच्या शेजारी, पाण्याखाली गेलेला पूल ऐटीत छापून येतो.